उंबऱ्याबाहेर ठेवलेले बूट

एकाहत्तरची लढाई संपून वर्ष उलटलं होतं. आमचं युनिट नाशिकजवळ होतं. मी शिपाई, नर्सिंग असिस्टंट. माझ्या जोडीला लान्स नाईक एकनाथ, वणीकडच्या मराठा शेतकऱ्याचा मुलगा. दोघं एकाच दिवशी भरती झालो. लान्स नाईकची फीत त्याला आधी मिळाली. मी टाळ्या वाजवल्या आणि आतून जळलो.

रजेवरून परतलेल्या एका जवानाच्या अंगावर पुरळ उठलं. आमच्या डॉक्टर कॅप्टनसाहेबांनी तपासलं आणि म्हणाले, "देवी." जवान आयसोलेशनमध्ये गेला. रजेत तो कोणाला भेटला, कोणत्या एसटीत बसला, कोणाच्या घरी जेवला, ते शोधायचं आणि त्या प्रत्येकाला लस टोचायची, हे काम आमच्याकडे आलं. सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, फौजी म्हणजे रायफल. त्या दिवसांत आमचं हत्यार दुटोकी सुई होतं.

सातपूरला त्या जवानाचा मित्र कारखान्यात होता. पाळी सुटताना आम्ही फाटकावर उभे राहिलो. पुरळ आलेल्या मुलाचं चित्र असलेलं कार्ड दाखवायचो. "असं कोणी पाहिलंय?" मग घरोघर. एकनाथला दार उघडायचं. "या भाऊ, बसा." तांब्या हातात यायचा. मला आधी नाव विचारायचे, मग आडनाव. आडनाव सांगितलं की पाणी वरून ओतलं जायचं. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला माणूस. वर्दीला जात नसते, असं त्यांत लिहिलेलं असे. खरं आहे. वर्दीला नसते, उंबऱ्याला असते. मला एकनाथच्या फितीचा हेवा होताच. त्याच्या उंबऱ्याचा जास्त होता.

शेवटी त्या जवानाचं घर उरलं. सायखेड्याच्या पुढे, गोदावरीच्या काठावर. त्याच गावाच्या वेशीबाहेर माझं आजोळ.

दुपारी जीप गल्लीत थांबली. दाराला कडुनिंबाचा टहाळा बांधलेला. जेवणाची वेळ, पण फोडणीचा वास नाही. एकनाथने माझ्याकडे पाहिलं. देवी आलेल्या घरात फोडणी देत नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं.

जवानाची आई दारात आली. यमुनाबाई. "माझ्या पोरीच्या अंगावर आई आल्यात. आत कुणी यायचं नाय."

"मावशी, घरात अजून कोण आहे?"

"सून हाय. तिचं तान्हं हाय."

तान्ह्याला टोचलेलं नव्हतं. आम्हाला आत जायचं होतं ते त्या बाळासाठी.

"कातडं घालून आईपुढं येता व्हय?" यमुनाबाईंनी आमच्या बुटांकडे बोट दाखवलं. "अनवाणी राहा, अळणी खा, रातभर अंगणात पथ्य पाळा. सकाळी बघू." मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "तू वेशीबाहेरच्या रखमाचा नातू ना रं?"

"हो."

त्या एक पाऊल मागे सरकल्या.

मी एकनाथला बाजूला घेतलं. "मी बूट काढणार नाही. माझा आजा याच गल्लीतून पायताण हातात घेऊन जायचा. सक्तीने."

"तुला कोण काढायला सांगतंय, पत्रकवाल्या?" तो जोत्यावर बसून नाड्या सोडायला लागला. "मी काढतो. माझ्या बुटात काय असतंय? दोन पाय आणि थोडा वास."

"तेच तर. तुझे बूट म्हणजे नुसते बूट."

तो हसला नाही. "पोर महत्त्वाचं आहे," म्हणाला आणि बूट उंबऱ्याबाहेर जोडीने ठेवले. परेडला ठेवतात तसे, टाचेला टाच.

ड्रायव्हरने वायरलेस सेट ओट्यावर उतरवून दिला. कॅप्टनसाहेबांचा हुकूम आला. "घराला कॉर्डन. कोणी आत नाही, कोणी बाहेर नाही. ओव्हर." रात्र शांत गेली. मी गल्लीत, बुटांसह. एकनाथ अंगणात, अळणी भाकरी खाऊन.

उजाडताना यमुनाबाईंनी आतून चुलीसाठी गोवऱ्या मागितल्या. एकनाथ रचलेल्या गोवऱ्यांकडे गेला. त्याची हाक आली, मोठी नव्हती. घोणस होती. घोट्याच्या वर दोन खुणा. बूट असते तर दात चामड्यात अडकले असते.

मी त्याच्याच बुटाची नाडी ओढून काढली आणि पोटरीवर आवळली. यमुनाबाई उंबरा ओलांडून धावत आल्या. "माझ्यापायी झालं गं आई!"

"नाही मावशी," एकनाथ म्हणाला. "पथ्य मोडलं नाही ना मी?"

मी सेटवर गेलो. "एकनाथला साप चावलाय. मी जीपमध्ये सोबत जातो. ओव्हर."

"निगेटिव्ह. ड्रायव्हर नेईल. तू कॉर्डन सोडायचा नाही. ओव्हर."

जीप धूळ उडवत गेली. मी दारासमोर उभा राहिलो. तिथं उभं राहण्याइतकी कठीण ड्यूटी मी नंतर सीमेवरही केली नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा सेट बोलला. "लान्स नाईक एकनाथ गेला. ओव्हर."

"रॉजर."

यमुनाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. मी लशीची बॅग उचलली आणि उंबऱ्यापाशी थांबलो. त्यांनी निंबाचा टहाळा हाताने बाजूला सारला.

"ये बाबा आत."

मी माझ्या बुटांकडे पाहिलं.

"राहू दे पायात. तसाच ये."

मी बुटांसह आत गेलो. सुनेने बाळाचा दंड पुढे केला. मी टोचलं. मग सुनेला, मग यमुनाबाईंना. आजारी मुलीच्या अंगावर खपल्या धरल्या होत्या. ती वाचली. बाळही वाचलं.

एकनाथचं किट जमा करताना स्टोअरकीपरने विचारलं, "एका बुटाची नाडी कुठाय?"

"कामात आली," मी म्हणालो.

पुढे मला फीत मिळाली. त्या गावात आता मी गेलो की पाणी तांब्यातून हातात मिळतं. ते बाळ शाळेत जातं, दंडावरचा व्रण दाखवत मला मामा म्हणतं. जे जे मला हवं होतं ते मिळालं, आणि प्रत्येक वस्तूवर एकनाथचं नाव आहे.

मी तेव्हा बूट काढले नाहीत. आजही काढणार नाही. बूट काढायला लावणारा उंबरा मोडलाच पाहिजे, हे माझं म्हणणं कायम आहे. पण त्या जोत्यावर बसून, कोणाशी वाद न घालता नाड्या सोडणारी त्याची बोटं मला दिसतात. लान्स नाईक एकनाथला ते इतकं सोपं गेलं. मला त्याचा हेवा वाटायचा. अजून वाटतो.