फक्कीचं घर

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत आमच्या भावोजींइतका गिऱ्हाइकांचा छळ करणारा वास्तुविशारद झाला नाही, आणि इतका छळ होऊनही लोक पुन्हा त्यांच्याकडेच जात. कागदावरच्या नकाशावर त्यांचा विश्वास नव्हता. ‘कागदावर कुणीही सुखानं राहतो,’ असं ते म्हणत. म्हणून ते मोकळ्या जागेवर पांढऱ्या फक्कीने संपूर्ण घर खऱ्या मापात आखत आणि त्या रेघांत घरच्यांना दिवसभर राहायला लावत. चूल मांडायची, जेवायचं, दुपारी पडायचं, भांडायचंसुद्धा तिथेच. कोंडाणे लेण्यांजवळच्या एका शेतकरीकाकांना त्यांनी असंच उन्हात बसवलं होतं. काका तांब्या घेऊन निघाले की हे ओरडत, ‘अहो, भिंतीतून जाऊ नका! दार तिकडे आहे!’

‘सायेब, भिंत दिसत नाय, पन ऊन दिसतंय,’ काका म्हणाले.

तेवढ्यात त्यांची म्हैस दिवाणखान्यातून सरळ न्हाणीघरात शिरली. काकू हसत सुटल्या, ‘तिला दार दावा की आता!’ भावोजींना हसू आलं नाही. त्यांनी गंभीरपणे विचारलं, ‘ही रोज याच वाटेनं जाते?’ हो म्हटल्यावर त्यांनी दिवाणखाना पुसून पलीकडे सरकवला. आज काकांचं ते घर बघणारा विचारतो, मधोमध हा बोळ कशाला? म्हैस मात्र खूश आहे.

नगररचनेतही हीच तऱ्हा. बाजारातून नेण्याच्या रस्त्याबद्दल नगरपालिकेने सल्ला मागितला, तर या गृहस्थांनी भर बाजाराच्या दिवशी रस्ता फक्कीने आखला. एक भाजीवाली रेघेवरून उठेना. ‘ह्यो रस्ता काल आला, आमी कवाच्या हितं बसतोय,’ ती म्हणाली. भावोजी तिच्याशेजारी बसले, दुपारपर्यंत गिऱ्हाइकं बघितली आणि अहवालात लिहिलं : ‘रस्त्याने वळावे. बाई वळणार नाहीत.’

दोन तालुक्यांना घरं देणारा हा माणूस स्वतः माझ्या ताईसह किराणा दुकानावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहिला. दहिवलीच्या पुढे त्यांनी जागा घेतली होती. ताईला आयुष्यात एवढंच हवं होतं, स्वतःचं घर. दर दसऱ्याला भावोजी तिथे घर आखत आणि दिवाळीपर्यंत ते भांडणात मोडे. भांडण स्वयंपाकघराच्या खिडकीवरून. त्यांना ती डोंगराकडे हवी, ताईला रस्त्याकडे.

‘रस्त्यावर काय बघणार? टेंपो?’

‘हो, टेंपोच. डोंगर कुठं पळून जातोय? टेंपोत माणसं असतात.’

यावर भावोजी विचारात पडत आणि शेवटी कबूल होत. पण खिडकी फिरली म्हणजे ओटा फिरला, ओटा फिरला म्हणजे जिना फिरला, आणि जिना फिरला की पुढचा दसरा यायचा. ‘माझ्या हयातीत होणार का हे?’ ताई वैतागून विचारी. ‘तुझ्यासारखं कुणी आडवं आलं नाही तर घर चुकतं गं,’ हे भावोजी वर तिलाच ऐकवत.

गेल्या हिवाळ्यात भावोजी गेले. दुखण्याचे दिवस त्यांनी वॉर्डातल्या खाटा कशा चुकीच्या लावल्या आहेत हे नर्सना समजावण्यात घालवले. त्यांच्यामागे ताईने एका तरुण ठेकेदाराला काम दिलं आणि घर भराभर वर आलं. परवा मी तिच्याबरोबर गेलो होतो. ठेकेदाराने खिडकीचं विचारलं. ताई म्हणाली, ‘रस्त्याकडे ठेव.’

‘ठेवतो की, ताई.’

ती दोन पावलं डोंगराच्या बाजूला गेली. मग म्हणाली, ‘नाहीतर डोंगराकडे ठेव.’

‘तिकडं ठेवतो. तुमी सांगाल तसं.’

ताईने भिंतीवर हात टेकवला. ठेकेदार दूर गेल्यावर माझ्याकडे न बघता ती म्हणाली, ‘काहीही म्हटलं तरी हो म्हणतो रे हा.’