पडद्यामागची दासी

दुपारचे अडीच वाजलेत. सोलापूरचं ऊन खिडकीला टेकलंय, पंखा गरम वारा ढवळतोय आणि पद्मिनीबाई दिवाणावर आडव्या होऊन चिनी मालिका बघताहेत. बघताहेत म्हणायचं एवढंच, डोळे मिटत आलेत. पडद्यावर निळ्या झग्यातली राणी हिंदीत ओरडतेय, ‘मैं निर्दोष हूँ, महाराज!’

चार महिन्यांपूर्वीपर्यंत दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला चंपाआक्का बसायची. पद्मिनीची थोरली बहीण. दोघींचेही नवरे गेलेले, म्हातारपणी एका घरात आल्या आणि जेवणं उरकली की रोज या चिनी राजवाड्यात शिरायच्या. एकाही पात्राचं नाव आक्काच्या जिभेवर बसत नसे. मग तिनंच सगळ्यांचं बारसं केलं. डोक्यावर केसांची शिंगं बांधणारी थोरली राणी म्हणजे शिंगाडी. गोड बोलून काटा काढणारी धाकटी म्हणजे गुळाची सुरी. कोण कुणाला विष घालणार ते आक्का दोन भाग आधी सांगायची. पण तिचा खरा जीव सूडात. राजाच्या मनातून उतरलेल्या राण्यांना टाकतात त्या थंड महालात वीस वर्षं कुजत पडलेली राणी परत येऊन वैरिणीच्या हातात पेला द्यायची, तेव्हा आक्का मांडी थोपटून म्हणायची, “पी! गटागटा पी! वर काकवी देऊ का?”

दिवाणाचं दुसरं टोक खचतं.

“नवीन लावलीस?” आक्का विचारते.

“नाही गं. तू अर्धी टाकून गेलीस तीच.”

“मग मागं ने. मला राणी पायऱ्यांवरून पडते ते बघायचंय.”

पद्मिनी रिमोट दाबते. टीव्ही होता तिथे आता तांबड्या खांबांची लांबच लांब ओसरी आहे. पायाखालचा दगड तापलेला, आपल्या गच्चीसारखा. पुढे आक्का चाललीय. अंगावर तिचं घरातलंच फिकट लुगडं, डोक्यावर मात्र सोन्याचा भारी मुकुट, कानांवर मोत्यांच्या लडी डुलताहेत. शेवटची दोन वर्षं भिंत धरून चालणारी ही बाई आता ताठ मानेनं, भरभर चाललीय.

“आक्का, दम घे.”

“मला आता दम लागत नाही,” मागं न बघता आक्का म्हणते.

ओसरी वळते आणि बार्शीचं स्वयंपाकघर येतं. आक्काचं सासर. एक्केचाळीस वर्षांपूर्वीची चूल, चुलीवर सुंठीचा काढा. आक्काची धाकटी जाऊ कांचन खोकतेय. तिला सहावा महिना आहे. आक्काला लग्नाला सात वर्षं होऊन मूल नाही. आक्का काढा गाळते, फुंकून गार करते, कांचनच्या हातात देते.

दुसऱ्या दिवशी कांचनचं मूल गेलं. अंथरुणावरून ती किंचाळली, “जाऊबाईंनी मला काहीतरी पाजलं!” सासूनं पेला हुंगला, दिरानं तो अंगणात आपटला आणि निकाल लागला. त्यानंतर त्या घरातल्या एकाही बारशाला आक्काला उंबरा ओलांडू दिला नाही. कुणाची ओटी भरायची असली की आक्काला मागच्या परड्यात धाडत. लेकुरवाळ्या बायका तिच्या हातचं पाणी पीत नसत. नवरा बिचारा गप्प बसला आणि गप्पच मेला.

“बघ,” आक्का म्हणते, “काढा सुंठीचाच आहे. चाटून बघ.”

पद्मिनी बोट बुडवते. सुंठीचाच आहे.

“मला माहीत आहे, आक्का.”

“हो ना? मग चल पुढे.”

स्वयंपाकघराला खिडकी आहे, पण ती केसपेपरची खिडकी आहे. तालुक्याच्या दवाखान्यात बावीस वर्षांची पद्मिनी पांढऱ्या साडीत बसलीय, नर्सिंगचं शेवटचं वर्ष. समोर कांचन आणि तिची आई. अजून काढा झालेला नाही. त्याला तीन दिवस अवकाश आहे. डॉक्टरीणबाई पोटाला नळी लावून पुन्हा पुन्हा ऐकतात. मग म्हणतात, “बाळाचे ठोके लागत नाहीत. आजच दाखल व्हा.” पद्मिनी ते शब्द कागदावर लिहिते. कांचन रडत तिचा हात धरते. “घरी कळलं तर सासू म्हणेल माझ्यातच खोट आहे. पद्मा, तू सांगू नकोस. मी उद्या येते.”

ती काही आली नाही. आणि महिनाभरानं कांचनच्या भावाचं, दिगंबररावांचं स्थळ पद्मिनीला सांगून आलं. चांगला मुलगा, सरकारी नोकरी, शिवाय पद्मिनीच्या मनातलाच. पद्मिनीनं तोंड उघडलं नाही. कांचनची ती वहिनी झाली आणि एक्केचाळीस वर्षं तिला वन्सं म्हणत राहिली.

खिडकी मोठी होत होत दरबार होते. दोन्ही बाजूंना झगे घातलेल्या बायका रांगेनं उभ्या आहेत. सिंहासनावर आक्का. पद्मिनी फरशीवर गुडघे टेकून बसलीय. कधी बसली, तिला कळलं नाही.

“तुला कधी कळलं?” पद्मिनी विचारते.

“इथंच. तुझ्या दिवाणावर बसून. गुळाची सुरी पायऱ्यांवरून आपली आपण पडली आणि आळ शिंगाडीवर घेतला, ते एका दासीनं पडद्यामागून बघितलं. आठवतं? दासी गप्प राहिली. आणि तू उठलीस. म्हणालीस, चहा ठेवते.”

“साडेतीन वाजले असतील. चहाचीच वेळ.”

“दुसऱ्या मालिकेत राणीनं आपणच विष पिऊन सवतीचं नाव घेतलं. तिथंही एक दासी होती. तू उठलीस. तिसरीतही. यांच्या मालिकांत ते होतंच गं सारखं. मी मोजलं, पद्मे. बारा वेळा. बाराही वेळा तुला चहाच आठवला.”

पद्मिनी मान वर करत नाही. “मग बोलली का नाहीस?”

“तुझ्या घरात राहत होते. तुझ्या हातचं खात होते. आणि वाटायचं, तेराव्या वेळी ही बसून राहील. माझ्याकडे बघेल. मी वाट बघितली.” मोत्यांच्या लडी हलतात. “माझ्या दहाव्यालाही कांचन आली. रडली. तू तिला पाणी दिलंस.”

“मला शिक्षा कर.”

“तुला शिक्षा करून माझं काय भागतं? मला कांचन हवीय. भरल्या दरबारात हवीय.”

“आज तिच्या धाकट्या सुनेचं डोहाळजेवण आहे. पोर आनंदात आहे, आक्का. तिच्या कानावर...”

“मीही कुणाची तरी पोरच होते,” आक्का म्हणते. तिचा आवाज चढत नाही. “त्या पोरीला तरी कळू दे, कुणाच्या हातचं खावं.”

झग्यातली एक बाई पुढे येते, पद्मिनीपुढे कागद धरते. दवाखान्याचाच कागद, अक्षरही पद्मिनीचंच. खाली जागा मोकळी आहे. कबुलीजबाबावर त्या मालिकांत लावतात तसा अंगठा लावायचा आहे. बाई तांबड्या रंगाची डबी उघडते.

“वाचून दाखव आधी,” आक्का म्हणते.

पद्मिनी वाचते. मग ती डबीत अंगठा दाबते, कागदावर टेकवते. रंग थंडगार आहे. मान वर करते तर सिंहासन रिकामं आहे आणि कुठूनशी आक्काची मांडी थोपटल्याचा आवाज येतोय.

तिला जाग येते. चार वाजायला आलेत. मालिकेचा भाग संपून पडदा निळा पडलाय. पद्मिनीबाई उठून बसतात. चहा ठेवावा असं त्यांच्या मनात येतं. त्या उठत नाहीत. उशाचा फोन घेतात आणि कांचनला लावतात.

“अगं वहिनी, कुठपर्यंत आलीस?” मागं बायकांचा गलका, बांगड्या, हसणं. “मी वेण्या गुंफतेय, हात भरलेत. फोन स्पीकरवर आहे, बोल. सगळ्या इथंच आहेत.”

“सगळ्या आहेत ना? मग ऐका,” पद्मिनीबाई म्हणतात. “वन्सं, चंपाआक्कानं तुम्हाला सुंठीचा काढा दिला, त्याच्या तीन दिवस आधी तुम्ही आईला घेऊन दवाखान्यात आला होता. बाळ तेव्हाच गेलेलं होतं. केसपेपर मी लिहिला. तुम्हाला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. आपण दोघींनी मिळून तिला जन्मभर परड्यात उभं केलं.”

पलीकडचा गलका एकेका बाईनं थांबतो. मग एक कोवळा आवाज विचारतो, “आई, हे खरं आहे?”

फोन बंद होतो.

पद्मिनीबाई तो मांडीवर ठेवतात. दिगंबरराव गेल्यापासून या घरात कुंकू नाही, आणि शाईही नाही. फोनच्या काचेवर, कांचनच्या नावावर, तांबडा ओला अंगठा उमटलाय.