प्रवास करून आलेला डाग

माझ्या आत्याला डाग दिसला की ती आधी त्याची चौकशी करते. गिऱ्हाईक काउंटरवर शर्ट टाकून "शाई आहे" म्हणालं, तरी ती कापड उजेडात धरणार, नखानं खरवडणार, नाकाजवळ नेणार आणि म्हणणार, "शाई कसली? गंज आहे हा. खिडकीच्या गजावर वाळत घातला होतात ना?" गिऱ्हाईक कबूल!

तिची लाँड्री म्हणजे एक लांबट खोली. मागे धुण्याची मशिनं, पुढे इस्त्रीचं टेबल आणि दारात तिची जुनी पांढरी व्हॅन. व्हॅन चालवणार आत्या, पण कागदोपत्री ती माझ्या बाबांची. तिथंच घोडं पेंड खात होतं.

बाबा आत्याचे थोरले भाऊ. जन्मभर बस चालवली, त्यामुळे चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल शेवटचा शब्द आपला, अशी त्यांची ठाम समजूत.

"म्हातारी झालीय गाडी. सारखी गॅरेजात पडून असते. विकून टाकू."

"आणि हॉस्पिटलच्या चादरी काय डोक्यावरून नेऊ?"

"लाँड्रीच बंद कर ना! घरी बस आरामात."

"दादा, मी घरी बसले तर दिवसभर तुझं डोकं खाईन. झेपेल?"

बाबांना ते झेपणार नव्हतं, पण माघार घेतील तर ते बाबा कसले. शेवटी आत्यानंच पैज लावली. "इंजिनचं तेल मी स्वतः बदलते. त्यानंतर आठवडाभर गाडी विनातक्रार चालली तर विक्रीचा विषय कायमचा बंद. नाही चालली, तर आण तुझं गिऱ्हाईक. चावी मी माझ्या हातानं देईन."

व्हॅन गेली की हॉस्पिटलचं काम जाणार आणि त्या कामावरच तर लाँड्री उभी होती. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

रविवारी आत्या जुना एप्रन घालून गाडीखाली शिरली. बाबा स्टुलावर बसून सूचना देत होते. "डावीकडे फिरव. अगं, तुझ्या डावीकडे नाही, गाडीच्या डावीकडे!" खालचा बोल्ट सुटला, जुनं काळं तेल घमेल्यात उतरलं. जुना ऑइल फिल्टर मात्र जागचा हलेना.

"सर बाजूला. हे ताकदीचं काम आहे."

बाबांनी दात-ओठ खाऊन तो फिल्टर उपटला, ढाल जिंकल्यासारखा उंच धरून आम्हाला दाखवला आणि टाकला कचऱ्यात. आत्यानं नवा फिल्टर बसवला, नवं तेल ओतलं, गाडी सुरू केली. गाडी मांजरीसारखी गुरगुरली. आत्यानं माझ्याकडे बघून भुवई उडवली.

सोमवारी सकाळी व्हॅन कोपऱ्यापर्यंतही पोचली नाही. बॉनेटमधून भसाभस धूर! आत्यानं तिथल्या तिथे इंजिन बंद केलं आणि आम्ही दोघींनी ढकलत गाडी दारात आणली. बघता बघता खाली तेलाचं थारोळं साचलं.

बाबा आले ते फोन कानाला लावूनच. "हो, हो, संध्याकाळी या. गाडी इथेच आहे, कुठे जातेय ती!" फोन ठेवून म्हणाले, "सांगत होतो. बसलं इंजिन."

"इंजिन तेल जाळत असतं तर धूर मागून आला असता, सायलेन्सरमधून," आत्या म्हणाली. "हा पुढून आला. तेल बाहेर सांडतंय आणि गरम नळीवर पडून जळतंय."

"पण सांडतंय कुठून?"

"तेच विचारायचंय."

"कोणाला?"

"डागाला."

बाबांनी कपाळाला हात लावला आणि वाकून गाडीखाली पाहिलं. "त्यात विचारायचं काय? बोल्ट ओलाचिंब आहे. सैल ठेवलास तू! पाना दे, चांगला आवळतो."

"हात लावू नकोस! आटे गेले तर मग खरोखरच भंगारात जाईल. तू काय, डाग दिसला की घासत सुटणाऱ्यातला."

इंजिन निवल्यावर तिनं बोल्ट आणि फिल्टर पुसून कोरडे केले. मग घरात जाऊन स्वतःची पांढरीशुभ्र डबल चादर घेऊन आली.

"अगं, चांगली चादर आहे ती!"

"मळक्या कापडावर डाग वाचता येत नाही, दादा."

चादर गाडीखाली पसरली. बोल्टच्या बरोबर खाली एक सेफ्टी पिन टोचली, फिल्टरच्या खाली दुसरी. कमी झालेलं तेल भरलं आणि मला गाडी सुरू करायला लावली. भाऊ-बहीण शेजारी शेजारी उकिडवे बसून चादरीकडे टक लावून बघत होते. लहानपणी मुंगीचं वारूळ बघताना असेच बसत असणार दोघं.

"पडला! बंद कर!" आत्या ओरडली.

चादर बाहेर ओढली. डाग दोन होते. बोल्टच्या पिनेपाशी मोठा काळा आणि फिल्टरच्या पिनेपाशी चिमुकला, मधाच्या रंगाचा.

"बघ!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "मोठा डाग कुठे आहे? बोल्टखाली!"

आत्यानं काळ्या डागावर बोट फिरवलं, चिमटीत चोळलं. "तेल कालच घातलं, नवंकोरं. मग हे काळं कसं?"

बाबा डागावर वाकले.

"हा डाग प्रवास करून आलाय. वरून कुठून तरी निघाला, इंजिनच्या अंगावरची काजळी गोळा करत उतरला आणि बोल्टला लोंबकळून इथे टपकला. हा छोटा मात्र बघ, कसा नितळ आहे. थेट घरून निघालाय. घर म्हणजे फिल्टर."

तिनं फिल्टर काढला, त्याच्या तोंडावरची काळी रबरी रिंग तपासली. ठीक होती. मग इंजिनवर जिथे फिल्टर बसतो तिथे बोट फिरवलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला! नखानं खरवडून तिनं आणखी एक रिंग सोडवली. चपटी, कडक झालेली.

"एका म्यानात दोन तलवारी! जुन्या फिल्टरची रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि तिच्यावर मी नवी चढवली. तेल दोघींच्या मधून वाट काढतंय." मग अगदी साळसूदपणे माझ्याकडे वळून म्हणाली, "काय गं, जुना फिल्टर काढला कोणी होता?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी आभाळाकडे पाहिलं.

"ताकदीचं काम होतं ना ते," आत्या म्हणाली.

बाबांना आधी ठसका लागला आणि मग हसू फुटलं. तीही हसली. "जाऊ दे. तू न बघता काढलास, मी न बघता बसवला. निम्मं निम्मं."

जागा पुसून, नव्या रिंगेला तेलाचं बोट लावून तिनं फिल्टर हातानंच घट्ट बसवला. तेलाची पट्टी बुडवून पातळी पाहिली. चादरीचा कोरा भाग गाडीखाली सरकवला आणि इंजिन चांगलं तापेपर्यंत चालू ठेवलं. धूर नाही. चादर बाहेर काढली तर एक टिपूससुद्धा नाही! आत्यानं ती चादर दोन्ही हातांत उंच धरून अख्ख्या गल्लीला दाखवली. समोरच्या गॅलरीतल्या बाईंना काही कळलं नाही, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

हॉस्पिटलच्या चादरींचे गठ्ठे मागे चढले आणि आत्या हॉर्न वाजवत गेली. समोर कुत्रंसुद्धा नव्हतं. नुसता आनंदाचा हॉर्न.

संध्याकाळी गाडीचं गिऱ्हाईक आलं तेव्हा बाबा काउंटर सांभाळत होते.

"गाडी कुठे आहे?"

"कामावर गेलीय."

त्या माणसानं खाली पाहिलं. "तेल गळतं वाटतं?"

बाबा बाहेर आले, उकिडवे बसले, डागावर बोट फिरवून नाकाजवळ नेलं. "हा सकाळचा आहे. कडेला धूळ बसलीय, बघा. ताजा असता तर चमकला असता."

"पण मग विकायची..."

तेवढ्यात कोपऱ्यावरून तोच हॉर्न ऐकू आला. बाबा हात झटकत उठले.

"जरा बाजूला व्हा," ते म्हणाले. "तुम्ही तिच्या जागेवर उभे आहात."