ओट्याखालून दिसलेला नकाशा

परदेशात राहायला म्हणून मी पहिल्यांदा जी जागा पसंत केली, तो समुद्र होता.

हसा. आमच्या घरी पोरंही इथंच हसतात. पण नकाशा माझ्याकडून उलटा होता, एवढं ऐकून घ्या आणि मग हसा.

आमचं गाव कामरगावच्या अलीकडं. साल शहात्तर-सत्त्याहत्तर. मी कारंज्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वेल्डर होतो. आखाती देशातल्या नोकरीसाठी मुंबईला जाऊन परीक्षा दिली. लोखंडाच्या दोन पट्ट्या जोडून दाखवायच्या होत्या. जोडल्या. पास झालो. एजंटानं एक इंग्रजी फॉर्म हातात ठेवला. कंपनीची कामं तीन शहरांत चालू होती. मस्कत, दोहा, बसरा. कुठं राहायचं ते लिहून पंधरा दिवसांत पाठवा, म्हणाला.

कुठं राहायचं ते मी लिहायचं! हा प्रश्न आमच्या खानदानात कुणी कुणाला विचारलेला नव्हता. आमच्याकडं वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून आमची वस्ती गावाच्या पूर्वेला. आमच्या अंगावरून गेलेला वारा गावाला लागू नये. ती जागा माझ्या आज्यानं निवडलेली नव्हती. त्याच्या आज्यानंही नाही.

नकाशाचं पुस्तक गावात एकाच घरी होतं. मालकांच्या. गावातली निम्मी शेती त्यांची आणि इंग्रजी तर सगळीच त्यांची. शिवाय आमच्यातला कुणी गाव सोडणार असला तर आधी मालकांच्या कानावर घालायचं, ही रीत. मी नवी टेरिकॉटची पँट घालून गेलो. चपला गल्लीच्या कोपऱ्यावर काढल्या, तीही रीतच. कमरेखाली साहेब, घोट्याखाली तोच मी.

मालक ओट्यावर बसलेले. मी खाली. ओटा माझ्या छातीला लागे. मालकांच्या बाजूला त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा आणि तंबाखू मळत बसलेले चार जण. मी फॉर्म ओट्याच्या कडेला ठेवला आणि मागं सरलो. मग मालकांनी तो उचलला. आमच्या हातातून त्यांच्या हातात काही जात नसे. मध्ये दगड लागे.

मालकांनी पुस्तक मांडीवर उघडलं. अक्षरं त्यांच्याकडं सुलटी, माझ्याकडं उलटी.

"बोल बे, कोन्तं गाव पसंत हाये तुले?"

मी टाचा उंच करून पाहिलं. मधोमध एक भलं मोठं निळं.

"हे निळं बरं दिसते मालक. मोकळं हाये."

ओटा हसला. एकाला ठसका लागला. मीही हसलो. ते माझं हसू मला अजून खुपतं, त्यांचं तेवढं नाही. आपण काय बोललो ते नीट बघावं म्हणून मी हात वर करून त्या निळ्यावर बोट ठेवलं.

हसणं थांबलं. मालकांनी पुस्तक मागं ओढलं.

"हात! हात कायले लावला? पुसा लागते ना आता."

मुलगा आत गेला, ओलं फडकं घेऊन आला. आणि माझ्यादेखत त्यानं अरबी समुद्र पुसला.

मग मालक बोलले. शब्दन् शब्द पाठ आहे मला. "तुह्या बापजाद्यानं कधी घराची जागा निवडली होती का बे? आमी बोटानं दाखवली, तिथंच तुमी राह्यले. अन् हा शहर निवडून राह्यला! बसरा लिहितो मी. जाय. खजूर खाय."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

बसरा वाईट असेल असं नाही. पण माझ्या डोळ्यांपुढं पूर्वेची वस्ती आली. सात समुद्र ओलांडून मी पुन्हा त्यांच्याच बोटानं दाखवलेल्या जागी राहणार होतो.

ओट्यावर चढायची हिंमत नव्हती. खोटं कशाला सांगू. पण हात लांब केला आणि कागद त्यांच्या हातातून घेतला. दगडावरून नाही, हातातून. बोटाला बोट लागलं. लावलं मी.

"राहू द्या मालक. शहर मी निवडतो. तुमी आता हात पुसा."

आणि तोऱ्यात निघालो. घराशी आल्यावर कळलं, चपला कोपऱ्यावरच राहिल्या. परत गेलो. चपला पायात घातल्या आणि मालकांच्या ओट्यासमोरून चालत गेलो. परत आलो. खरं तर तिकडून माझा रस्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी कारंज्याच्या दुकानातून नकाशाचं पुस्तक विकत घेतलं. घरी ते जमिनीवर ठेवलं, सुलटं, आणि आम्ही नवरा-बायको दोन्हीकडून त्यावर वाकलो. तिनं आधी समुद्रावर पुरा पंजा ठेवला. मग विचारलं, "तिथी पानी कोन वाढते?"

तिला तोच एक प्रश्न होता. विहिरीवर ती घागर घेऊन बाजूला बसून राही. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जाई. कधी घटका, कधी दोन घटका.

मुंबईच्या रांगेत मस्कतहून परतलेला एक वेल्डर भेटला होता. तो म्हणाला होता, "मस्कतला जा. आपल्याकडची लई माणसं. आपली वेगळी खानावळ आहे. आडनाव सांगितलं की कुठं बसायचं ते कळतं."

"अन् दोह्याले?"

"तिथं तुला कुत्रं ओळखणार नाही."

परदेशात जाणारा माणूस आपली माणसं कुठं जास्त आहेत ते शोधतो. मी कुठं कमी आहेत ते शोधलं. दोहा लिहिलं. माझ्या वाकड्या इंग्रजीत, माझ्या हातानं.

दोह्यात पहिल्याच दुपारी मी पुन्हा माती खाल्ली. पाण्याच्या टाकीला तोटी होती, साखळीनं बांधलेला एकच पेला होता. मी ओंजळ करून बाजूला उभा राहिलो. कुणीतरी वाढेल म्हणून. मागून पठाण मुकादम आला. "बीमार है क्या? पी ले!" मी पेला तोंडाला लावला. माझ्या हातातून त्यानं तो ओढून घेतला, न विसळता भरला आणि घटाघटा प्यायला. मी तोंड फिरवलं. डोळ्यांत वेल्डिंगची ठिणगी गेली म्हणून सांगितलं. अजून वेल्डिंग सुरूही झालेलं नव्हतं.

त्या दिवशी मला आनंद झाला नाही. राग आला. इतकं सोपं होतं? एक पेला? आणि त्यासाठी माझ्या बायकोचं निम्मं आयुष्य विहिरीच्या कडेला गेलं?

दोन वर्षांनी सुट्टीवर आलो. घराला ओटा बांधला. मालकांच्या ओट्यापेक्षा वीतभर उंच. घर तेवढंच, ओटा मोठा. अशी माझी अक्कल.

आणि एका वैशाखातल्या दुपारी मालकांचा मुलगा पूर्वेला आला. तोच, फडकंवाला. पदवी झाली होती, नोकरी नव्हती. ओट्याखाली उभा राहिला.

"भाऊ, मले बी आखातात जाचं हाये. मस्कत बरं का दोहा?"

भाऊ! मी आतून पुस्तक आणलं. दोन वर्षं मनात घोकलं होतं तसंच मांडीवर उघडलं. अक्षरं माझ्याकडं सुलटी, त्याच्याकडं उलटी. तो मान वाकडी करून पाहू लागला.

तेवढ्यात बायको पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आली. "घ्या. उन्हातून आले."

त्याचे ओठ सुकलेले. घाम हनुवटीवरून गळत होता. त्यानं लोट्याकडं पाहिलं, नकाशाकडं पाहिलं.

"तहान नाही वहिनी."

बायकोनं हात मागं घेतला नाही. तसाच धरून ठेवला.

"खरंच नाही," तो म्हणाला.

मी पुस्तक मिटलं. तो गेला. त्याची पाठमोरी सावली पाहून मी थोडा विरघळलो. मूळचाच पातळ. म्हटलं, "पोरगंच हाये. सांगून टाकू काय त्याले?"

तिनं लोटा ओट्याच्या मधोमध ठेवला.

"लागंल तहान. मी हाये इथंच. पानी पेल्याबिगर पुस्तक उघडाचं नाही. तो येवो, नाहीतर त्याचा बाप येवो."