डॅशबोर्डवरचा गणपती

बाबांनी एका परदेशी वकिलातीच्या लिलावातून जुनी गाडी आणली, तेव्हा मुलुंडच्या आमच्या गल्लीत केवढा बोलबाला झाला! गारवा किती हवा तो आकडा लावायचा, बाकी सगळं गाडी स्वतःच बघणार. बघतेय कसली! आधी थोडा वेळ गार, मग भट्टी. बाबांनी गॅस भरून घेतला, रबरी नळ्या बदलल्या, रविवार आला की बोनेटमध्ये डोकं. "सापडेल गं," म्हणायचे. मला त्या गाडीची लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर घामाघूम होऊनही काचा बंद ठेवणाऱ्या बाबांचीही.

त्यात ते स्थळ आलं. मुलगा मला मनापासून आवडला होता, पण सुपारी अजून फुटायची होती. ऐन मे महिन्यात त्याचे आईवडील आमचं घर बघायला आले. निघताना बाबा म्हणाले, "चला, गाडीनं सोडतो चेंबूरला. पोरगीही तुमचं घर बघेल." मी डोळे वटारले. पण त्यांना कुठलं दिसतंय.

विक्रोळी यायच्या आत भट्टी पेटली. मागे मुलाची आई पदरानं वारा घेत होती, वडील टक्कल पुसत होते. बाबांचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा बटणांवर. "आत्ता होईल गार," ते पुन्हा म्हणाले आणि माझी जीभ सुटली.

"पुरे ना, बाबा. झेपत नाही तर मिरवता कशाला? उगीच आपली शोभा."

बाबांनी मुकाट्यानं काचा खाली केल्या.

घाटकोपरला गाडी खड्ड्यात आदळली आणि डॅशबोर्डवरचा गणपती कलंडला. गाडी आली त्याच दिवशी मी तो पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवला होता. उकाड्यानं ते सैल झालं असावं. बाबांनी गाडी कडेला घेतली. गणपतीखाली एक छोटीशी जाळी होती, सोल्यूशननं पार बुजलेली. त्यांनी ती पेनच्या टोकानं मोकळी केली आणि वर कागदाचा कपटा धरला. कपटा आत ओढला जाऊन चिकटला.

"गाडी इथून हवा ओढून बघते, आत बसणाऱ्यांना गरम होतंय की गार," ते पुटपुटले. जाळी बुजल्यावर तिला डॅशबोर्डच्या आतला गारवाच तेवढा कळत होता, आणि ती बिचारी आम्हाला ऊब देत बसली होती. बाबांनी काचा वर घेतल्या. हळूहळू गार वारा यायला लागला.

"काय झालं होतं हो?" मुलाच्या आईनं विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं.

"माझंच चुकलं, वहिनी. नको तिथे गणपती चिकटवून बसलो."

"होतं असं. पण तुमची मुलगी स्पष्ट बोलते हं. आमच्या घरात असंच कुणीतरी हवं होतं."

बाबा किती खूश झाले! निदान तेव्हा तरी 'तो मी चिकटवला' म्हणावं ना मी? मी खिडकीबाहेर बघत बसले. लाजेनं मेले होते. बाबांनी गणपती रुमालात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवला.

"धर," म्हणाले, "पडेल."