'सून कंपनीत घासते'

मैत्रिणींनो, मी सणसवाडीच्या कंपनीत इंजिनाचे पार्ट घासते. पण सासूबाई सांगतात, "सून कंपनीत घासायला जाते." त्यामुळं आमच्या निम्म्या निमोणे गावाला वाटतं, मी तिथं भांडी घासते!

आज सासूबाईंसोबत वरवंडला दिरांच्या गॅरेजात गेले. तिथं एक स्पोर्ट्स कार उभी होती. इंजिनातलं जुन्या डिझाईनचं ब्रॅकेट, म्हणजे पार्ट धरून ठेवणारा लोखंडी कोन, कोपऱ्यात तडकलेलं. बदली आलेलं नवं ब्रॅकेट मी लगेच ओळखलं. आमच्याच कंपनीच्या लाईनवरचं! तडा जाऊ नये म्हणून नव्यात तो कोपरा गोल केलाय, आन् त्याची धार आम्ही बायका हातानं घासून मोडतो.

सासूबाईंनी जुन्या-नव्या दोन्ही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. मग शेजारी उभ्या गाडीवाल्याला म्हणाल्या, "बिनघोर पळवा. ह्यो कोपरा माझ्या सूनबाईनं घासलाय."

आता कुणीही विचारा. व्हय, घासते!