जाहिरातींना उत्तरं देणारे काका

जाहिरातीला माणूस समजून तिच्याशी अदबीनं बोलणारा इसम अख्ख्या मुंबईत शोधून एकच सापडेल, आणि तो डिलाईल रोडला आमच्या चाळीत, आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. चाळ त्यांना नुसतं काका म्हणते. मोबाईलवर जाहिरात आली की आपण ती अंगठ्यानं वर ढकलतो, फारच झालं तर शिवी हासडतो. काका थांबायचे. चष्मा पुसून जाहिरात शेवटपर्यंत वाचायचे आणि खाली उत्तर लिहायचे. चादरींच्या जाहिरातीखाली त्यांनी लिहिलं होतं, "आपल्या चादरी पाहिल्या. निळी विशेष आवडली. तूर्त घरात दोन चांगल्या असल्याने घेता येत नाही, गैरसमज नसावा." पनवेलच्या पुढे बंगला घ्या म्हणून मागे लागलेल्या एका बिल्डरला त्यांनी कळवलं, "आमची खोली लहान आहे, पण शेजार चांगला आहे. आपल्या प्रकल्पास शुभेच्छा." आणि केस वाढवणाऱ्या तेलाला तर त्यांनी स्वतःच्या टकलाचा फोटो पाठवून "आपणांस उशीर झाला" एवढंच लिहिलं होतं.

काका आयुष्यभर फोर्टातल्या एका कंपनीत आवक-जावकच्या टेबलावर होते. आलेल्या पत्राला उत्तर गेलंच पाहिजे, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. "अरे, समोरच्यानं खर्च करून आपल्याला विचारलंय. निदान नाही तरी म्हणावं की नाही?" असं ते मला समजावायचे. समोरून "धन्यवाद सर" आलं की ते गॅलरीत सगळ्यांना वाचून दाखवायचे. ते धन्यवाद आपोआप जातात, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. हसायचो मात्र. ऑफिसात त्यांची उत्तरं वाचून दाखवायचो, लोक पोट धरून हसायचे, आणि मला वाटायचं, आपण फार विनोदी आहोत.

आणि माझं पोट तर याच धंद्यावर चालतं. लोअर परळच्या एका ऑफिसात बसून मी अशा जाहिराती लिहितो आणि त्यांच्याखालच्या कमेंट सांभाळतो. गेल्या वर्षी आमच्याकडे गुडघेदुखीचं एक तेल आलं. "पंधरा दिवसांत जिना चढा, हसत हसत!" ही ओळ माझी. त्याखाली गुण आल्याचं सांगणाऱ्या परळच्या आजीही माझ्याच, मनानं रचलेल्या. काकांना ती जाहिरात दिसली. त्यांनी तेल मागवलं, महिनाभर इमानेइतबारे चोळलं आणि मग जाहिरातीखाली लिहिलं, "आपले तेल एक महिना नियमाने लावले. वास उत्तम. गुडघे होते तसेच आहेत. इतरांनी घेण्याआधी वाचावे म्हणून लिहिले, राग नसावा."

साहेब म्हणाले, "हाईड कर रे त्या म्हाताऱ्याला." मी केलं. हाईड केलेली कमेंट लिहिणाऱ्याला स्वतःला दिसत राहते, बाकीच्यांना दिसत नाही. म्हणजे भांडण नाही की तक्रार नाही. त्या दिवशी मला ही युक्ती फार सभ्य वाटली होती.

मग काका उत्तराची वाट बघू लागले. रोज संध्याकाळी मी जिना चढून आलो की विचारायचे, "तुझ्या लाईनीतलं आहे म्हणून विचारतो. आठवडा झाला, उत्तर नाही. आजारी असेल का रे कुणी त्यांच्याकडे?" मी बूट काढता काढता म्हणायचो, "कामात असतील, काका." असे तीन आठवडे गेले.

एका रविवारी कोपऱ्यातल्या खोलीतल्या मालवणी मावशींच्या खिडकीत त्याच तेलाच्या तीन बाटल्या दिसल्या. काका चकित झाले. "मी लिहिलेलं वाचलं नाहीत का?" मावशींनी आपला मोबाईल पुढे केला. "खंय आसा? माका दिसणा नाय." काका दोन्ही मोबाईल हातात घेऊन माझ्याकडे आले. "काहीतरी बिघाड आहे. बघ जरा."

मी सगळं सांगून टाकलं. दहावीला नापास झालो तेव्हाही माझी मान एवढी खाली गेली नव्हती.

काकांनी दोन्ही मोबाईल खाली ठेवले. मग म्हणाले, "म्हणजे पत्र पोचलं होतं."

"हो."

"आणि तू वाचलंस."

"हो, काका."

"मग सांगायचंस की. मी उगाच काळजी करत बसलो." आवाजात राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी माझा हात धरला. "चल, त्यांना तरी सांगू."

मावशींच्या दारात उभा राहून मी म्हणालो, "मावशी, ते तेल लावू नका. त्यानं काही होत नाही. ती जाहिरात मीच लिहिलीय, त्यातली आजीसुद्धा खोटी आहे."

मावशींनी बाटली उलटसुलट करून पाहिली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तू लिवलंस? आमच्या चाळीतल्या झिलान? मगे चांगलाच असतला!"

काका खाली रस्त्याकडे बघत राहिले. माझा हात मात्र त्यांनी सोडला नाही.

आता ते जाहिरातींना लिहीत नाहीत. मी एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "लिहायचं कशाला? वाचणारा शेजारीच राहतो. काही वाटलं तर येऊन सांगेन."

अजून आलेले नाहीत. संध्याकाळी मी दार उघडंच ठेवतो.